बिअरनिर्मितीसाठी पाण्याची निवड : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
बिअरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. तथापि पिण्यास योग्य असलेले प्रत्येक पाणी तिच्यासाठी योग्य ठरतेच असे नाही. पिल्सनच्या मृदू पाण्यावर फिकट लागर, तर बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यावर कडवट एल विकसित झाली. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे गुन्हा असल्याने प्रस्तुत विवेचन रसायनशास्त्रीय आकलनापुरते मर्यादित आहे.

क्षारांचे कार्य :
मोड आणून वाळविलेले सातू गरम पाण्यात भिजविले असता त्यातील विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. त्यासाठी मिश्रणाचा सामू सुमारे ५.२ ते ५.६ असावा लागतो. कॅल्शियम तो खाली आणते. बायकार्बोनेट तो वाढविते. सामू वाढल्यास टरफलातील टॅनिन उतरून पेय तुरट होते.

स्थानिक जलस्रोत :
दोन्ही जिल्ह्यांत प्रामुख्याने बेसॉल्ट खडक आढळतो. त्यातून झिरपलेल्या विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे सामान्यतः अधिक असतात. अशा पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, हा घरोघरचा अनुभव आहे. याउलट कास तलावातून साताऱ्यास उताराने येणारे पाणी जांभ्याच्या पठारावरील पावसाचे असल्याने स्वभावतः मृदू असते. सांगलीस मिळणाऱ्या कृष्णेच्या पाण्यातील क्षार ऋतुमानानुसार बदलतात. अतिसिंचनाने खारावलेल्या जमिनींतील विहिरींत सोडियम व क्लोराइड वाढते. ते उकळूनही कमी होत नाही.

निवडीचे निकष :
भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पेयजलाची एकूण अल्कता प्रतिलिटर २०० मि.ग्रॅ., तर पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मि.ग्रॅ.पर्यंत ग्राह्य आहे. फिकट बिअरसाठी मात्र ती ५० च्या आसपास वा त्याहून कमी असणे इष्ट असते. भाजलेल्या, आम्लधर्मी माल्टच्या गडद बिअरला अधिक अल्कता चालते. बायकार्बोनेटयुक्त पाणी उकळून निवळल्यास अल्कता घटते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे पेयाला औषधी वास येतो. सक्रिय कोळशाने ते दूर करता येते. आर.ओ. यंत्रातून मात्र आवश्यक कॅल्शियमही निघून जाते. ते किमान ५० मि.ग्रॅ. राहावे यासाठी जिप्सम मिसळावे लागते.

निष्कर्ष :
सर्वांत शुद्ध पाणी हेच सर्वांत योग्य पाणी, हा समज येथे टिकत नाही. एकूण कठीणपणा समान असलेली दोन पाणी अल्कतेच्या फरकामुळे भिन्न परिणाम देतात. म्हणून चव किंवा पारदर्शकता यांवर विसंबून न राहता कॅल्शियम, अल्कता व क्लोराइड यांची स्वतंत्र तपासणी, तीही उन्हाळ्यात व पावसाळ्यात निरनिराळी, करणे हाच निवडीचा विश्वसनीय आधार होय.