वाटी द्या, किल्ली नको!

शेजारीण विरजण मागायला आली तर आपण वाटीभर देतो. कोठीची किल्ली तिच्या हाती देत नाही. बँकांचे संगणकही एकमेकांकडून हवी तेवढीच माहिती एका खिडकीतून मागतात. त्या खिडकीला ‘एपीआय’ म्हणतात. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था याच खिडक्यांवर चालते. समजा, आमच्या वाशीतल्या एखादीला शिलाईयंत्रासाठी कर्ज हवंय. दोन्ही बँका या व्यवस्थेत असल्या, तर तिच्या संमतीनं खातेउतारा परस्पर जातो. मधल्या निरोप्याला तो वाचता येत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, मोबाईलवरचं ‘होय’ मुलावर किंवा ‘ह्यां’च्यावर सोपवू नका. कोणती माहिती, कशासाठी, किती दिवस, हे स्वतः वाचा. दिलेली संमती मागेही घेता येते. आणि कुणी पासवर्डच मागितला तर? तो वाटी नव्हे, किल्ली मागतोय!