प्रोग्रॅमिंग शिकताना आधी आवृत्ती तपासा
पुस्तकातील उदाहरण जसेच्या तसे लिहूनही संगणक चूक दाखवतो, असा अनुभव प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्यांना हमखास येतो. अशा वेळी दोष अनेकदा विद्यार्थ्याचा नसून जुन्या पुस्तकाचा असतो.

पायथन भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. तिच्यात 'प्रिंट' या आज्ञेसोबत कंस अनिवार्य झाला. दुसऱ्या आवृत्तीचे अधिकृत पाठबळ १ जानेवारी २०२० रोजी संपले. त्यामुळे पुस्तक वा चित्रफीत निवडताना प्रथम आवृत्ती पाहावी.

पायथनच्या संकेतस्थळावरील अधिकृत पाठ विनामूल्य आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतूनही धडे मिळतात. आवृत्ती तेथेही तपासावी. मात्र दहा पुस्तके चाळण्यापेक्षा एकाच पुस्तकातील प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून पाहणे अधिक हिताचे ठरते.