गुरुवारची सुट्टी आणि आल्याचा सोडा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं 1949च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. म्हणून भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या हौशींनो, गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत आल्याचा सोडा आंबवा. तोही काही कमी छळत नाही म्हणा! किसलेलं आलं, साखर, पाणी, रोज ढवळायचं. बुडबुडेच येत नाहीत? बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने यीस्टचा निकाल लावला. पिंपरी-चिंचवडला 2019पासून पाणी दिवसाआड. रात्रभर उघडं राहून क्लोरीन उडालेलं साठवणीचं पाणी इथे चक्क कामी येतं. आलं सोलू नका, यीस्ट सालीवर असतं. खरी फजिती मे महिन्यात. उकाड्यात बाटलीत भरलेल्या सोड्यात वायू भराभर साठतो आणि काचेची बाटली फुटते. सोड्याची प्लास्टिक बाटलीच घ्या. दाबून कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. वीज गेली तर झाकण हळूच सैल करा. किंचित अल्कोहोल यातही असतं, लहान मुलांना देऊ नका.