श्टुटगार्टला नोकरीसाठी येताय? आधी झाडू घ्या!

मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. गाड्यांच्या कंपन्यांमुळे इथे मराठी इंजिनिअरही भेटतात. तरी सुरुवातीचे दिवस कागदपत्रांतच जातात. राहायला आल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाचं पत्र लागतं. मग करक्रमांक पोस्टाने येतो. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जाऊ शकतं, म्हणून चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटवा.

पण खरी गंमत 'केअरवोखे'ची. श्वाबेन भागाची ही जुनी रीत. इमारतीतली बिऱ्हाडं आळीपाळीने सफाई करतात, पाळी आली की दारावर पाटी लटकते. छोट्या पाळीत आपल्या मजल्याचा जिना. मोठीत प्रवेशद्वार, तळघराचा जिना, फुटपाथ आणि थंडीत बर्फसुद्धा! ही अट करारात आहे का, ते सही करण्याआधी वाचा. काही ठिकाणी मालक माणूस लावतो आणि त्याचे पैसे भाड्यावरच्या खर्चात धरतो. पाटी शेजारच्या आजींच्या दाराला अडकवण्याआधी जिना खरंच पुसा. आजी बघतात 😄 मला विचाराल तर पाळी असलेलंच घर घ्या. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं, जर्मन बोलायला मिळतं ते जिन्यात.

बाकी, रविवारी दुकानं बंद, दूध-कांदे शनिवारीच आणा. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या आणि कॅन फेकू नका. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकल्यावर प्रत्येकी 25 सेंट परत मिळतात.