शेजारचा वायू, दूरचे जहाज

जानेवारी २००५ मध्ये भारत, बांगलादेश आणि म्यानमार या तीन देशांचे मंत्री यांगूनमध्ये एकत्र बसले आणि त्यांनी एका नळवाहिनीच्या योजनेला तत्त्वतः मान्यता दिली. म्यानमारच्या, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाच्या, अराकान किनाऱ्यालगतच्या समुद्रात वर्षभरापूर्वीच नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला होता. ‘श्वे’ हे त्या क्षेत्राचे नाव. ब्रह्मी भाषेत श्वे म्हणजे सोने. हा वायू अराकानातून मिझोराम व त्रिपुरात आणि तेथून बांगलादेश ओलांडून कोलकात्यास न्यावयाचा, अशी ही सुमारे ९०० किलोमीटरची योजना होती. साठा शोधून काढणाऱ्या दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीबरोबर ओएनजीसी विदेश आणि गेल या भारताच्या दोन सरकारी कंपन्याही त्या क्षेत्रात भागीदार होत्या. वायू होता, गिऱ्हाईक होते आणि भांडवल उभे राहण्यासारखे होते. तो वायू २०१३ पासून वाहतो आहे खरा, पण चीनच्या युनान प्रांताकडे.

हे कसे घडले, याची हकीकत दक्षिण आशियाच्या ऊर्जाव्यवहाराबद्दल बरेच काही सांगून जाते. आपल्या भूमीवरून वाहिनी जाऊ देण्याच्या मोबदल्यात बांगलादेशाने भाडे तर मागितलेच, पण त्याखेरीज तीन गोष्टी मागितल्या. नेपाळ आणि भूतानमधील जलविद्युत भारताच्या तारांवरून आपल्याला आणता यावी. त्या दोन देशांशी व्यापार करण्यासाठी भारतातून वाट मिळावी. आणि भारताबरोबरच्या व्यापारातील मोठी तूट कमी करण्यासाठी काही पावले टाकली जावीत. नवी दिल्लीचे म्हणणे असे पडले की, हे दोन देशांमधील प्रश्न आहेत, ते तीन देशांच्या करारात गोवणे योग्य नव्हे. राजनैतिक व्यवहाराच्या शिस्तीत हे उत्तर बसणारे होते. पण ज्याच्या अंगणातून वाट काढावयाची, त्याने अंगणाच्या मोबदल्यात काय मागावे हे वाट मागणाऱ्याने ठरवावयाचे, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. चर्चा रेंगाळली. बांगलादेशाला वळसा घालून ईशान्य भारतातूनच वाहिनी आणण्याचा पर्याय पुढे आला, पण तो लांबचा आणि महागडा होता. दरम्यान चीन थांबला नाही. २००८ च्या डिसेंबरात श्वेचा वायू तीस वर्षांसाठी चीनच्या राष्ट्रीय पेट्रोलियम कंपनीस विकण्याचा करार झाला. जुलै २०१३ मध्ये क्याउकफ्यू बंदरापासून म्यानमारच्या डोंगराळ मुलखातून सुमारे ८०० किलोमीटर जाऊन युनानमध्ये शिरणारी वाहिनी सुरू झाली. गंमत अशी की, हा वायू चीनकडे नेणाऱ्या वाहिनीच्या कंपनीतही त्याच दोन भारतीय कंपन्यांचे भाग आहेत. नफ्याचा वाटा भारताकडे येतो आणि वायू चीनकडे जातो.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. हा वायू भारताने घेतला असता तर त्याचा पैसाही म्यानमारच्या लष्करशहांच्याच तिजोरीत पडला असता. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तेथील तेल व वायूचे उत्पन्न राजवटीला कसे जगविते, याची चर्चा जगभर झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेने म्यानमारच्या सरकारी तेल-वायू संस्थेवर आर्थिक निर्बंध घातले. तेव्हा हुकलेल्या या संधीबद्दल हळहळताना तिच्यात सारेच शुभ होते, असे मानण्याचे कारण नाही.

नैसर्गिक वायूचा व्यापार हा तेलाच्या व्यापारासारखा नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. तेल पिंपात भरता येते, टाकीत साठविता येते, एका गिऱ्हाइकाने नाकारले तर दुसऱ्याला विकता येते. वायूला नळी हवी. ती एकदा जमिनीत पुरली की विकणारा, विकत घेणारा आणि मधला वाटेचा धनी असे तिघेही वीस-तीस वर्षांसाठी एकमेकांना बांधले जातात. दुसरा मार्ग म्हणजे वायू शून्याखाली १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून द्रवरूप करावयाचा. त्याचे आकारमान सहाशे पटींनी घटते आणि तो खास बांधणीच्या जहाजांतून नेता येतो. मात्र थंड करण्याचा कारखाना, जहाजे आणि उतरल्यावर पुन्हा वायू करणारे केंद्र या सर्वांचा खर्च गिऱ्हाइकावरच पडतो. स्वयंपाकघरातील सिलिंडरमधला वायू हा नव्हे. तो तेलशुद्धीकरणातूनही मिळतो. नैसर्गिक वायूपासून मुख्यतः युरिया तयार होतो, वीज तयार होते, आणि अलीकडे शहरांतील नळाचा वायू व वाहनांचा सीएनजी याच वायूचा असतो. मुंबईजवळच्या समुद्रातील वायू हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनीने उत्तरेकडे गेला, तो प्रामुख्याने खत कारखान्यांसाठीच. म्हणजे वायूच्या भावाचा प्रश्न अखेरीस शेतकऱ्याच्या गोणीशी आणि सरकारच्या खत अनुदानाशी येऊन भिडतो.

पश्चिमेकडील योजनांची कथा अधिक परिचित आहे. इराण-पाकिस्तान-भारत वाहिनीची कल्पना १९८९ ची. तिच्यावर चर्चेच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. भाव आणि वाटभाडे यांवर अडून, आणि अमेरिकेच्या नापसंतीची छाया पडल्यामुळे, २००८ च्या सुमारास भारत त्यातून दूर झाला. इराण व पाकिस्तान यांनी २००९ मध्ये आपसात करार केला, २०१३ मध्ये उद्‌घाटनही झाले. पाकिस्तानच्या बाजूची वाहिनी मात्र पडली नाही. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान व पाकिस्तानमार्गे पंजाबातील फाजिल्क्यापर्यंत येणारी १,८१४ किलोमीटरची ‘तापी’ ही दुसरी योजना. वर्षाला ३,३०० कोटी घनमीटर वायू आणण्याचा तिचा संकल्प आहे. डिसेंबर २०१५ मध्ये तिचा पायाभरणी समारंभ झाला, तेव्हा भारताचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी उपस्थित होते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये तालिबानच्याच राजवटीत अफगाण टप्प्याचे काम सुरू झाल्याचा सोहळा झाला. एवढी स्थित्यंतरे होऊनही या वाहिनीने भारताची सीमा गाठलेली नाही.

पाकिस्तान उद्या तोटी बंद करील, हा भारतातील मुख्य आक्षेप होता. त्यावर त्या काळी सिंधू पाणीवाटप कराराचा दाखला दिला जाई. १९६० चा तो करार १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही टिकला, मग वायूचा का टिकू नये, असा तो युक्तिवाद. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारतानेच तो करार स्थगित केला, तेव्हा या दाखल्याचे बळ संपले. युरोपचा अनुभवही तसाच आहे. १९६८ मध्ये ऑस्ट्रियाने सोव्हिएत वायू घेण्यास प्रारंभ केला आणि पुढे पश्चिम जर्मनीने पोलादी नळ्यांच्या बदल्यात वायू घेतला. शीतयुद्धाच्या ऐन भरातही तो पुरवठा चालू राहिला. तथापि २००६ आणि २००९ च्या जानेवारीत रशिया व युक्रेन यांच्या भांडणात ऐन हिवाळ्यात युरोपचा वायू तुटला, २०२२ च्या युद्धाने तो व्यवहार जवळजवळ मोडला, त्याच वर्षी सप्टेंबरात बाल्टिक समुद्राच्या तळाशी वाहिन्या स्फोटाने फुटल्या आणि १ जानेवारी २०२५ रोजी युक्रेनमार्गे जाणारा रशियन वायू बंद झाला. साहजिकच ‘बरे झाले, नळी घातली नाही’ असे म्हणणाऱ्यांना जोर चढला.

परंतु त्यांच्या युक्तिवादाची दुसरी बाजू त्याच वर्षी उघडी पडली. नळीऐवजी भारताने जहाज पत्करले. १९९९ मध्ये कतारशी दीर्घ मुदतीचा करार झाला आणि २००४ च्या आरंभी गुजरातेत दहेज येथे पहिले जहाज लागले. महाराष्ट्रात दाभोळचा प्रकल्पही अखेर आयात वायूवरच चालावयाचा होता. एन्‍रॉनच्या पडझडीत तो रखडला. द्रवरूप वायूचे केंद्र २०१३ मध्ये सुरू झाले तेही लाटरोधक बांध अपुरा असल्यामुळे अनेक वर्षे पावसाळ्यात जहाज न घेणारे. कतारचा करार भारताला लाभदायक ठरला यात शंका नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो २०४८ पर्यंत वाढविण्यात आला. पण जहाजाला राजकारणाची बाधा होत नाही, हा समज २०२२ ने खोटा ठरविला. रशियाच्या गॅझप्रॉम समूहाशी गेलचा वायूचा करार होता. युद्धानंतर त्या समूहाची जर्मनीतील शाखा जर्मन सरकारने ताब्यात घेतली आणि भारताकडे यावयाची जहाजे येईनाशी झाली. भांडण युरोपचे, आणि खंडित झाला तो भारताचा पुरवठा. आशियाच्या खुल्या बाजारात २०२० च्या उन्हाळ्यात द्रवरूप वायूचा भाव सुमारे २ डॉलर होता. २०२२ मध्ये तो ७० डॉलरच्या वर गेला.

त्या लिलावात युरोपने पैसा टाकला आणि गरीब गिऱ्हाईक मागे सारले गेले. बांगलादेशाची अवस्था त्यात सर्वांत बोलकी होती. २००५ मध्ये त्याच्यापाशी स्वतःचा वायू होता, म्हणून त्याला घाई नव्हती. ते साठे उतरणीला लागले आणि २०१८ पासून त्याला द्रवरूप वायू आयात करावा लागला. जुलै २०२२ मध्ये त्याने खुल्या बाजारातील खरेदी थांबविली आणि देशभर वेळापत्रक लावून वीज तोडण्यास सुरुवात केली. अराकानचा वायू आपल्या भूमीवरून वाहत असता तर त्यातला काही भाग बांगलादेशालाही मागता आला असता.

नळी असो वा जहाज, दोन्हींत जोखीम आहे. मुद्दा आहे तो जोखीम वाटून घेण्याच्या व्यवस्थेचा. युरोपला १९६८ नंतर चाळीस वर्षे वायू मिळाला, कारण दोन्ही बाजूंचे काही ना काही अडकलेले होते: एकाचा पैसा, दुसऱ्याचे कारखाने. दक्षिण आशियात जेथे जेथे असे परस्परांत अडकणे घडले तेथे व्यवहार चालला. भूतानच्या चुखा प्रकल्पासाठी भारताने साठ टक्के अनुदान व चाळीस टक्के कर्ज दिले आणि वीज विकत घेतली. २०१३ मध्ये भेडामारा येथे भारत-बांगलादेश वीजजोडणी झाली. मोतिहारीहून नेपाळमधील अमलेखगंजला तेलपदार्थांची ६९ किलोमीटरची वाहिनी २०१९ मध्ये, आणि सिलिगुडीहून बांगलादेशातील पार्वतीपूरला डिझेलची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. यांपैकी एकही योजना भव्य नव्हती आणि एकीसाठीही शिखर परिषदेची वाट पाहावी लागली नाही. तरीही नियम ठरविण्यात भारताचा हात सैल होता, असे नाही. २०१६ च्या सीमापार वीजव्यापाराच्या नियमांवर नेपाळ व भूतान दोघेही नाराज झाले. ते नियम २०१८ मध्ये बदलावे लागले. म्यानमारच्या प्रसंगातही नेमकी हीच वृत्ती आड आली होती: वाटेचे नियम एकट्याने करावयाचे आणि शेजाऱ्याने त्यांत बसावयाचे.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची वीज भारताच्या तारांवरून प्रथमच बांगलादेशात गेली. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी ढाक्यात शेख हसीना यांची सत्ता उलथली होती आणि दिल्ली-ढाका संबंध बिघडलेले होते. तरी वीज गेली. यांगूनच्या बैठकीच्या वेळी बांगलादेशाने मागितलेली पहिली गोष्ट हीच होती. ती मिळण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली आणि तेवढ्या अवधीत श्वेचा वायू कायमचा दुसरीकडे बांधला गेला. हा तीन देशांचा करार अवघ्या ४० मेगावॉटचा, पाच वर्षांचा आणि वर्षातील पावसाळी पाच महिन्यांपुरता आहे. नेपाळच्या नद्यांना पावसाळ्यात याहून कितीतरी अधिक वीज विकता येण्याजोगी आहे आणि बांगलादेशाची गरज मोठी आहे. मुदत संपल्यावर हा आकडा किती वाढावयाचा, हे मात्र काठमांडू वा ढाका यांच्यापेक्षा मधल्या तारांच्या धन्यावर, म्हणजे नवी दिल्लीवर अवलंबून राहणार आहे.