मधुचंद्रासाठी समुद्रकिनारा : आधी महिना पाहा, मग भाव

लग्नाचा बस्ता बांधून झाला, चहा आला, की हल्ली आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास निघतो. नवरदेवाचा मोठा भाऊ किंवा मामा जरा बाजूला येऊन विचारतो, "चाचा, पोरांना लग्नानंतर समुद्रावर पाठवायचे आहे. गोवा बरे की मालदीव?"

कापडवाल्याला हा प्रश्न विचारण्याचे कारण काय, असे वाचकांना वाटेल. कारण असे की, या बाबतीत आम्ही एकदा सपशेल फसलो आहोत आणि ती गोष्ट आम्ही कोणापासून लपवलेली नाही. शिवाय हा आता नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही. पूर्वी आमच्याकडे निकाहनंतर वधूवर मामाकडे, खालाकडे दावतीला जात. फार तर माथेरान किंवा महाबळेश्वर व्हायचे. आज हॉल, जेवण आणि कपडे यांच्या जोडीला मधुचंद्राचा खर्च यादीत बसला आहे. जिथे पैसा जातो तिथे हिशेब आला, म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय घेत आहोत.

आमच्या घरचा अनुभव

२०१९ साली आमच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. त्या वर्षी ईद-उल-फित्र ५ जूनला आली आणि निकाह ९ जूनला ठरला. सूनबाई जालन्याच्या. त्यांनी तोपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. आम्ही मोठ्या प्रेमाने, कोणालाही न विचारता, गोव्याचे चार रात्रींचे बुकिंग करून पाकीट मुलाच्या हातात ठेवले. दर निम्म्याच्या आसपास मिळाला होता. आयुष्यभर घासाघीस करणाऱ्या माणसाला निम्मा भाव म्हणजे लॉटरीच वाटते. माल निम्म्या भावात का सुटतो आहे, हे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही. गिऱ्हाईक सेलमध्ये अशी चूक करते तेव्हा आम्ही मनात हसतो.

जोडपे ११ जूनला गोव्यात पोचले. त्याच दिवसांत अरबी समुद्रात 'वायू' चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होते. किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले, जीवरक्षक कोणाला पाण्याजवळ फिरकू देत नव्हते. वाळूवरच्या खाण्याच्या झोपड्या तर पावसाळ्यापूर्वीच मोडून ठेवतात. वादळ आले नसते तरी जूनचा समुद्र पोहण्याचा नसतोच. वादळाने फक्त कसर भरून काढली. मुक्काम आवरता घ्यावा म्हणून मुलाने चौकशी केली, तेव्हा कळले की हा दर पैसे परत न मिळण्याच्या अटीवरचा आहे. अट कागदावर होती. आम्ही वाचली नव्हती.

परत आल्यावर घरात विचारणा झाली. सूनबाई हसून म्हणाल्या, "समुद्र खिडकीतून बघितला, अम्मी. आवाज खूप मोठा असतो." तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते वाक्य आम्हाला जास्त लागले. आम्ही खर्च केला होता. पण ज्यांच्यासाठी केला त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते.

हंगाम म्हणजे मालाचा पोत

आमच्या समाजात लग्नाची तारीख चंद्र आणि शाळेची सुट्टी ठरवते. ईदनंतरचा महिना, मे महिन्याची सुट्टी, पाहुण्यांची सोय. ईद तर इंग्रजी तारखेच्या मानाने दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. समुद्र मात्र पावसाच्या तारखा पाळतो. म्हणून ठिकाणाचे नाव काढण्यापूर्वी महिना पाहावा.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण १ जूनला केरळात, ५ जूनच्या सुमारास गोव्यात आणि ११ जूनच्या आसपास मुंबईत येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो कोकणातून माघारी जातो. या चार महिन्यांत केरळपासून डहाणूपर्यंतचा सारा किनारा पाहण्यापुरता, पाण्यात उतरण्यासाठी नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही पावसाळ्यात बंद असतात. ज्यांना हिरवळ आणि पाऊसच आवडतो त्यांनी खुशाल जावे, मात्र ते पाऊस पाहायला चालले आहेत हे आधी माहीत असावे.

लग्न नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असेल तर कोकण आणि गोवा उत्तम. फक्त नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळावा. तेव्हा गोव्याचे दर आकाशाला भिडतात. गोव्यातही उत्तरेला कळंगुट, बागा हा गर्दीचा, गाण्याबजावण्याचा भाग आहे. ज्यांना निवांतपणा हवा त्यांनी दक्षिणेला बाणावली, आगोंद, पाळोळे पाहावे.

जानेवारी ते एप्रिल हा अंदमान, लक्षद्वीप आणि मालदीवचा काळ. अंदमानात पाऊस आपल्या आधी, मे महिन्याच्या उत्तरार्धातच पोचतो. तिथला राधानगर किनारा ज्या बेटावर आहे, त्या हॅवलॉकचे नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, आणि पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ पासून श्रीविजयपुरम. जुन्या-नव्या नावांनी तिकिटाच्या वेळी गोंधळ होतो, म्हणून सांगितले. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. तो हातात येण्यापूर्वी विमानाचे तिकीट काढू नये.

लग्न जूनमध्येच असेल आणि समुद्र पाहायचाच असेल तर काय? तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, म्हणजे महाबलीपुरम, पुदुच्चेरीकडे जून-जुलैत आपल्यासारखी झड नसते. उकाडा मात्र असतो आणि लाटा जोरकस असतात. तिकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. परदेशात जाण्याची ऐपत असेल तर इंडोनेशियातील बालीचा कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर आहे. तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, त्याचे ५ लाख रुपया लागतात. आकडा पाहून घाबरू नये, रुपया हे त्यांचे चलन आहे. फेब्रुवारी २०२४ पासून बेटाचा वेगळा दीड लाख रुपया करही आहे.

पन्हा पाहून भाव ठरवा

कापड घेताना मीटरचा भाव विचारून चालत नाही, पन्हा पाहावा लागतो. पन्हा कमी असेल तर कापड जास्त लागते आणि स्वस्त तागा शेवटी महाग पडतो. जाहिरातीतला खोलीचा दर हा नुसता मीटरचा भाव असतो.

मालदीवचे उदाहरण घ्या. तिथे बहुतेक रिसॉर्टमध्ये खोलीच्या दरावर १० टक्के सेवाशुल्क लागते. त्या बेरजेवर पर्यटनाचा कर लागतो, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे १०० डॉलरची खोली १२८ डॉलर ७० सेंटला पडते. माणशी दर रात्रीचा पर्यावरण कर वेगळा. विमानतळावरून बेटावर नेणाऱ्या स्पीडबोटीचे किंवा समुद्री विमानाचे भाडे वेगळे, आणि ते लहान नसते. समुद्री विमाने फक्त दिवसा उजेडी उडतात. आपले विमान संध्याकाळी उतरले तर एक रात्र मालेत काढावी लागते, तिचा खर्च पुन्हा आपलाच. रिसॉर्ट झेपत नसेल तर स्थानिक वस्तीच्या बेटांवर साधी अतिथिगृहे आहेत. तिथे हलाल जेवण सर्वत्र आहे, मद्य नाही आणि कपड्यांची शिस्त पाळावी लागते. आमच्या अनेक वाचकांना हीच जागा जास्त मोकळी वाटेल.

आपल्या देशातही हिशेब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर १८ टक्के. ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाने हजारभर रुपये वाढतात. परदेशाच्या पॅकेजवर एजंट टीसीएस घेतो. ती रक्कम बुडीत नाही. विवरणपत्र भरताना वजा मिळते. पावती जपून ठेवावी.

कर्जाबद्दल एकच सांगतो. दुकानाला माल भरण्यासाठी माणूस उधारी करतो, कारण माल विकून पैसे परत येणार असतात. सहलीचा माल विकता येत नाही. हप्ते पाडून हनिमून केलेली जोडपी आम्ही पाहिली आहेत. पहिल्या वर्षीचा पहिला वाद हप्त्याच्या तारखेवरून होतो. जेवढी रोकड आहे तेवढ्यात बसणारा किनारा निवडावा.

कागदपत्रांत वधूचे तिकीट पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढावे, पत्रिकेवरच्या नव्या नावाने नाही. हॉटेलात दोघांचे पत्ते वेगळे दिसतात, म्हणून निकाहनाम्याची एक प्रत जवळ ठेवावी. आणि आमची चूक लक्षात ठेवून पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्यावी.

चांदची तारीख आणि भरती

हा मुद्दा पैशाचा नाही, जिवाचा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. महिना हंगामाचा होता, पाऊस नव्हता. म्हणून चांगल्या महिन्यातही पाण्याची वेळ पाहिल्याशिवाय उतरू नये. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. भूगोलाच्या पुस्तकात भरती-ओहोटीला मद्दोजज्र म्हणत. तो धडा आम्ही पाठ केला, पण कामाचा हिशेब कोकणातल्या लोकांकडून कळला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या पुढे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. आपली चांदची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, तेवढे मिळवून घ्यावे. चांदची पहिली-दुसरी आणि चौदावी-पंधरावी या सुमारास उधाण असते. त्या दिवसांत पाणी जोरात चढते आणि जोरात उतरते. एवढे करूनही गावातल्या माणसाला विचारावे. लाल बावटा असेल तर पाण्यात पाय घालू नये, आणि बोटीत बसताना जीवरक्षक जाकीट अंगात घालावे, हातात धरू नये.

शेवटी निवड कोणाची

जानेवारी २०२० मध्ये मुलाने विचारले, "अब्बा, दोन दिवस दुकान सांभाळाल?" या वेळी ठिकाण सूनबाईंनी निवडले. त्यांची अट साधी होती : गर्दी नको आणि पाण्यात पाय भिजवता आले पाहिजेत. दोघे आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीने खाडी ओलांडून दिवेआगरला गेले. सुपारीच्या वाडीतल्या एका घरी उतरले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे खाण्याची अडचण आली नाही. दोन रात्रींचा सारा खर्च गोव्यातल्या एका रात्रीहून कमी झाला. सूनबाई परतल्या तेव्हा बुरख्याची कड वाळूने भरलेली होती. ती वाळू त्यांनी घरात झटकली म्हणून आमच्या घरच्यांनी रागवायचे ते रागवले नाही.

त्याच वर्षी ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आले. वाडीतली बरीच सुपारीची झाडे पडली. सुपारीचे झाड उत्पन्न द्यायला वर्षे घेते, तोवर त्या घराला पाहुण्यांच्या खोलीचाच आधार राहिला. आमची मुले पुढच्या हंगामात पुन्हा त्याच घरी गेली. आता नातवालाही नेतात. गिऱ्हाइकी अशी टिकते.

तेव्हा गोवा की मालदीव, असे कोणी विचारले की आम्ही तीन प्रश्न उलट विचारतो. लग्न कोणत्या महिन्यात आहे? हातात रोकड किती आहे? आणि मुलीला विचारले का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लगेच येतात. तिसऱ्याला बहुधा गप्प होतात. मग आम्ही त्यांना सांगतो, आज घरी जाऊन विचारा; बस्ता झाला आहे, ती खरेदी उद्या केली तरी चालेल.