घोड्याचा गुडघा आणि आपलं मनगट

घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते त्याचं मनगट असतं. पटत नसेल तर हात टेबलावर पालथा ठेवा, तळवा उचला आणि नुसत्या बोटांच्या टोकांवर या. आता अंगठा उचला, करंगळी उचला, मग तर्जनी आणि अनामिकाही. उरलं एकटं मधलं बोट. त्या बोटाच्या नखावर घोडा उभा आहे. खूर म्हणजे ते नखच, जाड होऊन बोटाच्या टोकाभोवती गुंडाळलेलं. भरधाव घोड्याचा एखाद्या क्षणी एकच खूर जमिनीला टेकलेला असतो. म्हणजे तेवढ्या क्षणापुरतं चार-पाचशे किलोचं जनावर एका बोटावर तोललेलं असतं.

मग कोपर कुठे गेलं? ते वर, छातीला चिकटून, तंग बांधतात त्याच्या आसपास. मागच्या पायाचा खरा गुडघा पोटाशी लपलेला असतो, आणि मागे वाकलेला जो सांधा पाहून लहान मुलं ‘घोड्याचा गुडघा उलटा आहे’ म्हणतात, ती टाच. घोडा जन्मभर टाचा उचलून चालतो.

बाकीच्या बोटांचं काय झालं, याचा पुरावाही तिथेच आहे. मनगटाखालच्या मुख्य हाडाच्या मागे, दोन्ही बाजूंना, दोन बारीक हाडं असतात. वरून निघतात आणि खाली येता येता निमुळती होऊन मध्येच संपतात. एक तर्जनीचं, एक अनामिकेचं. घोड्याच्या पूर्वजांच्या पुढच्या पायाला चार बोटं होती. ही त्यातली शिल्लक. शिल्लक असली तरी ती दुखतात. तरुण घोड्याला लवकर फार पळवलं की नेमकी इथेच सूज येते.

पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला हे सगळं शिकायला लागतं. एमबीबीएसच्या मुलांना एकच शरीर पाठ करायचं असतं, आणि त्याचाही ती केवढा बाऊ करतात! पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात बैल हा पाया धरतात, आणि त्याच्याशी ताडून म्हैस, शेळी-मेंढी, घोडा, डुक्कर, कुत्रा आणि शेवटी कोंबडी. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात १८८६ पासून ही शिकवणी चालू आहे. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, टेबलावर हाडं मांडलेली असतात, आणि तोंडी परीक्षेत एक हाड हातात देऊन तीन गोष्टी विचारल्या जातात: कुठलं, डावं की उजवं, आणि कोणाचं. तिसऱ्या प्रश्नावर विकेट पडते.

पाया कोण धरायचा, यालाही इतिहास आहे. १७६१ साली क्लोद बूर्जला यांना फ्रान्समधल्या लियोंला जगातली पहिली पशुवैद्यक शाळा काढायची परवानगी मिळाली. ते मूळचे घोडेस्वारी शिकवणारे. जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने लिंकनशरमधल्या एका शेतघरात दीड वर्ष मेलेले घोडे थराथराने सोलून चित्रं काढली आणि १७६६ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. ती चित्रं आजही चूक काढायला बसणाऱ्याला फारशी संधी देत नाहीत. १९१० मध्ये आलेला सेप्टिमस सिसन यांचा जाडजूड ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्यांनी वापरला, त्यातही मानाची जागा घोड्याला. घोडदळ, टपाल, बग्ग्या: ज्याच्यावर राज्य चालायचं त्याचं शरीर आधी शिकायचं. आपल्याकडे तो मान बैलाला गेला. माझ्या मते रास्तच झालं.

बैलाची बोटं पाहायची तर कॉलेजात जायची गरज नाही. शेळीची रचना तीच असल्यामुळे पाया करायला आणलेला तुकडा धुताना नीट पाहा. नळीसारख्या हाडाच्या समोर मधोमध एक बारीक खाच उभी गेलेली दिसते. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाची, म्हणजे मधलं बोट आणि अनामिका यांची, दोन हाडं गर्भातच जुळून एक झाली, त्याची ती खूण. खालच्या टोकाला मात्र ती जुळत नाहीत. तिथे दोन वेगळ्या गोलाया आहेत आणि प्रत्येकीला एक बोट. म्हणून खूर दुभंगलेला. मागे वर लोंबणाऱ्या, जमिनीला न टेकणाऱ्या दोन छोट्या नख्या म्हणजे तर्जनी आणि करंगळी. अंगठा गेला तो गेलाच. कुत्र्याने मात्र तो आतल्या बाजूला जपून ठेवला आहे.

आणखी एक गोष्ट पोळ्याला बैल रंगवताना कोणाच्या मनात येत नाही. बैलाला आणि घोड्याला गळ्याचं हाड नसतं. आपला हात त्या हाडाने छातीला जोडलेला आहे. त्यांचा पुढचा पाय धडाला कुठल्याही हाडाने किंवा सांध्याने जोडलेला नाही. दोन खांद्यांच्या मध्ये छातीचा पिंजरा नुसत्या स्नायूंवर टांगलेला आहे. घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो, आणि तो सगळा या टांगणीतून खाली उतरतो. धावताना बसणारा हादराही तिथेच जिरतो. आणि खिल्लाराचं ते डौलदार वशिंड? ते म्हणजे चरबी आणि आपल्याही दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये असलेला स्नायू, ज्याला ऱ्होम्बॉइडियस म्हणतात. संगणकापुढे दिवसभर बसल्यावर आपला जो दुखतो, तोच.

वयही हाडामासातच लिहिलेलं असतं. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते. खाली आठ दात. त्यांतली शेवटची जोडी मुळात सुळ्यांची आहे, पण ती पुढच्या दातांच्या रांगेत येऊन त्यांच्यासारखीच झाली. दुधाचे दात पडून पक्की पहिली जोडी येते ती साधारण दोन वर्षांच्या सुमारास, मग पुढच्या जोड्या ओळीने. शर्यतीच्या मैदानात आदत, दुसा, चौसा असे गट पडतात ते यावरूनच. पंच तोंड उघडून पाहतो तेव्हा तो शरीररचनाशास्त्राचीच तोंडी घेत असतो.

पण खरी गंमत पोटात आहे. गाईच्या पोटाचे चार कप्पे शाळेत सगळे पाठ करतात. ते कुठे आहेत हे कोणी सांगत नाही. कोटीपोट मोठ्या गाईत शंभर लिटरच्या वर जातं आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापतं. आतून ते टर्किश टॉवेलसारखं. वजडी साफ करणाऱ्याला हे सांगायला नको. भरलं की ते डाव्या मूत्रपिंडालाही ढकलतं, इतकं की डावं मूत्रपिंड मध्यरेषा ओलांडून उजवीकडे जाऊन बसतं. गाईची दोन्ही मूत्रपिंडं उजवीकडे! पोटफुगीत गाय मरायला टेकली की पशुवैद्य डाव्या भकाळीतच सुई किंवा ट्रोकार का घालतो, ते आता कळेल. उजवीकडे घातली तर वायू सुटायचा राहील आणि दुसरंच काही फाटेल.

कोटीपोटाच्या पुढे जाळीपोट. आतल्या भिंतीवर षटकोनी जाळी, आणि जागा अशी की पुढे फक्त श्वासपटल, त्याच्यापलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय. आता गाय खाते कशी ते पाहा. शेळी हलत्या ओठांनी एकेक पान निवडते. गाय जिभेने घास ओढते आणि फारसं न चावता गिळते, कारण रवंथ नंतर निवांत करायचा असतो. त्या घासात खिळा किंवा तारेचा तुकडा आला, तर तो जड असल्यामुळे जाळीपोटात जाऊन पडतो. जाळीपोट आकसतं, तार भिंतीतून पुढे सरकते, श्वासपटल ओलांडते आणि हृदयाच्या वेष्टनात शिरते.

शेतकरी येऊन सांगतो, ‘‘डॉक्टर, चारा सोडलाय, दूध आटलंय आणि उताराला उतरायला बघत नाही.’’ उतरताना पोटातलं सगळं पुढे येतं आणि तार आणखी रुतते. कोपरं बाहेर काढून उभी राहिलेली गाय, मानेतली फुगलेली शीर, गळ्याखाली उतरलेलं पाणी. हे ओळखणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी पहिल्या वर्षाचं टेबल असतं. वेळेत कळलं तर डाव्या कुशीत चीर देऊन, गाय उभी असतानाच, कोटीपोट उघडतात आणि हात पुढे जाळीपोटात घालून तार शोधतात. काही ठिकाणी गाईला आधीच एक लोहचुंबक गिळवून ठेवतात. तोही जड असल्यामुळे तिथेच जाऊन बसतो आणि तारा धरून ठेवतो, जन्मभर.

घोड्याचं सगळंच उलट. जठर शरीराच्या मानाने लहान, आणि चारा आंबवायचं काम शेवटाकडे, मोठ्या आतड्यात. स्टेथोस्कोप गाईच्या डाव्या भकाळीला लावतात, कारण कोटीपोटाची घुसळण तिथे ऐकू येते. घोड्यात मोठ्या आंधळ्या आतड्याचा आवाज उजवीकडे. घोड्याला पित्ताशय नाही. घोड्याला उलटी होत नाही: अन्ननलिका जठरात तिरकी शिरते आणि तिथला स्नायू इतका घट्ट की खालून वर काही येऊ देत नाही. म्हणून पोटशुळात जठर तुडुंब भरलं तर पशुवैद्य नाकातून नळी घालून ते रिकामं करतो. नाही केलं, तर जठर फुटतं.

मला स्वतःला सर्वांत थक्क करतो तो वारेचा भाग. गाईचा गर्भ गर्भाशयाला सत्तर ते एकशेवीस बटणांनी जोडलेला असतो. घोडीत बटणं नाहीत. वार सगळीकडे सारखी पसरून चिकटलेली. कुत्रीत ती पट्ट्यासारखी, पिल्लाच्या मधोमध. एवढ्या फरकावरून घाई किती करायची ते ठरतं. गाईची वार बारा तासांत पडली तरी चालतं. घोडीची तीन तासांत पडली नाही तर धावपळ करावी लागते. आणि गाईच्या वारेत आईचं रक्त वासरापर्यंत येताना मध्ये इतके थर लागतात की आईच्या प्रतिकारशक्तीची प्रथिनं पलीकडे जातच नाहीत. आपल्या बाळाला ती पोटातच मिळतात. वासरू जन्मतं ते जवळजवळ निःशस्त्र. त्याचं सगळं संरक्षण चिकात असतं, आणि ते आतड्यातून रक्तात शोषून घ्यायचं दार पहिल्या काही तासांनंतर बंद होत जातं, दिवसभरात पूर्ण. तरी कितीतरी गोठ्यांत ‘वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ हा नियम अजून पाळतात. त्यापायी वासरं मरतात. खरवसाला नंतर उरेल तेवढा चीक उरतो.

कोंबडीपाशी आल्यावर मुलं हात टेकतात. श्वासपटल नाही, मूत्राशय नाही, दोनपैकी डावा अंडाशयच कामाचा, आणि फुप्फुसाच्या पिशव्या थेट हाडांत शिरलेल्या.

एवढं झालं की यादीत नसलेला प्राणीही वाचता येतो. जुन्नरच्या उसात बिबट्या सापडतो, त्याला माणिकडोहच्या निवारा केंद्रात आणतात, आणि त्याच्यावर उपचार करणारा पशुवैद्य शिकलेला असतो बैलावर. पण मांजर-कुत्र्याशी ताडून पाहायची सवय लागलेली असते. आत ओढून घेता येणारी नखं, स्नायूंत तरंगणारं गळ्याचं इवलंसं हाड, पुढच्या पायावरची रक्त काढायची शीर: मांजरात जिथे, तिथेच. फरक घशात आहे. जिभेच्या मुळाशी असलेल्या हाडांची साखळी मांजरात पूर्ण हाडाची असते, बिबट्यात तिचा एक दुवा लवचीक अस्थिबंधाचा असतो. वाघ-सिंह-बिबटे डरकाळी फोडतात ती या दुव्यामुळे, असं बराच काळ शिकवलं जायचं. मग हिमबिबट्याचा घसा उघडून पाहिला. त्यातही तो लवचीक दुवा निघाला, आणि हिमबिबट्या डरकाळी फोडत नाही. आता अभ्यासकांचं लक्ष स्वरतंतूंच्या लांबी-जाडीकडे वळलं आहे.